तिसरा ठिपका

मिरचीच्या धंद्यात पोत्यावर खूण आधी टाकतात, माल मागून भरतात. रिकामं पोतं जमिनीवर सपाट बसतं, त्यावर अक्षर नीट उमटतं. भरलेल्या पोत्यावर लिहायला गेलं की हात घसरतो. नंदुरबारला चुडामण शेठच्या पथारीवर मी बावीस वर्षं देखरेख केली. पथारी म्हणजे शहराबाहेरची मोकळी जमीन. तिथे ओली लाल मिरची पसरून उन्हात वाळवतात. त्रेपन्नाव्या वर्षी मी गावातल्या वर्गात लिहायला शिकलो आणि त्यानंतर पोत्यांवर लिहिण्याचं कामही माझ्याकडे आलं. आता अंगात पूर्वीसारखा जोर नाही, तरी हंगामात मी रोज सकाळी दुधाच्या टेम्पोनं पथारीवर जातो आणि दुपारी परततो.

माझी नात भाविका विद्यापीठात औषधी रसायनशास्त्र शिकत होती. विद्यापीठ गाडीनं चार तासांवर. ती वसतिगृहात राहायची. दुसऱ्या वर्षी तिथे प्रत्येकाला एक प्रोजेक्ट करावं लागतं. एखादी वनस्पती घ्यायची, तिच्यातला कोणता भाग औषधाचं काम करतो ते शोधायचं, तो वेगळा काढायचा आणि त्याची रचना सांगायची. भाविकानं तिच्या आजीचं मूळ निवडलं.

हे मूळ एका रानवेलाचं असतं. खापर गावच्या आठवडी बाजारात गुलाबसिंग नावाचा माणूस ते विकायला बसतो. तो डोंगरातून खाली येतो, बाजार झाला की वर जातो. माझी बायको धनुबाई पंधरा वर्षं ते मूळ उगाळून गुडघ्यांना लावते. लावलं की थोड्या वेळानं गुडघा तापतो, लाल होतो, मग तिला उठता-बसता येतं. लहानपणी भाविका आजीजवळ बसून हे पाहायची. एकदा तिनं तोच लेप स्वतःच्या गालाला लावला आणि घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा धनुबाई म्हणाली होती, "आग व्हस ना? त्या आगमाच गुण शे."

दिवाळीनंतर भाविकाचा फोन आला.

"आबा, पाच किलो मूळ पाहिजे. वाळकं. पन उनमा नको, सावलीमा वाळवजो. मातीवर नको, स्वच्छ कपडावर. आनि चिठ्ठी लिखजो. कोठलं शे, कव्हय लिधं, कोठे वाळनं, कोनी वाळवं."

"इतलं कसाले?" मी म्हटलं. "मूळ शे, सोनं थोडंच शे."

"मॅडम पहिले तेच इचारतस. चिठ्ठी नही तं माल नही."

"तुन्ही मॅडम चुडामण शेठपेक्षा कडक दिखस."

"शेठ पोतं परत धाडस. मॅडम तुम्हनी नातलेच परत धाडतीन," ती म्हणाली आणि हसली.

मी खापरला गेलो. गुलाबसिंगकडे तेवढा माल तयार नव्हता. पुढच्या बाजारी त्यानं ओली मुळं आणून दिली. देण्याआधी त्यानं एक मूळ मोडलं, दातांनी चावलं, बाजूला थुंकला आणि मान हलवली. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर तो असंच करतो. न चाखता दिलेलं मूळ त्याच्या मते मूळच नव्हे.

त्याच संध्याकाळी मी चिठ्ठी लिहिली. पोत्यावर लिहायची सवय होती, म्हणून आधीच लिहिली. 'मूळ. खापर बाजार, गुलाबसिंगकडून. ओट्यावर, सावलीत, धुतलेल्या धोतरावर वाळवले. वाळवणार सुकलाल.' तारीख घातली. चिठ्ठी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून नव्या कापडी पिशवीच्या तोंडाला बांधून टाकली. पिशवी रिकामी होती. मुळं ओट्यावर, सावलीत, धोतरावर पसरलेली होती. लिहिलं ते त्या वेळी खरं होतं.

तिसऱ्या दिवशी हेमकांतनं, म्हणजे माझ्या मुलानं, कापूस वेचून घरी आणला. आमच्याकडे त्या दिवसांत घर माणसांचं राहत नाही, कापसाचं होतं. आतली खोली भरली, पडवी भरली, मग ओटाही. मुळांवर कापसाचे तंतू चिकटले. वर आभाळ आलं आणि चौथ्या दिवशी दोन-चार मुळांवर पांढरी बुरशी दिसली. तंतू आणि बुरशी चालणार नाही एवढं मला कळत होतं. मी मुळं गोळा केली आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोनं पथारीवर नेली. धनुबाईची मूठभर मुळंही मी दरवर्षी तिकडेच वाळवत आलो होतो. शेडच्या मागे दोन रिकामी पोती अंथरली आणि त्यांवर मुळं पसरली. ऊन चांगलं होतं. मिरची परतता परतता मुळंही परतायचो.

देठ खुडणाऱ्या बायांमध्ये गजराबाई सगळ्यांत जुनी. ती तोंडाला फडकं बांधूनच बोलते.

"काका, ह्या मुळ्या कोनी शेत? मिरचीना सोयरा का?"

"नातना अभ्यास शे."

"अभ्यास उनमा वाळस व्हय?" ती म्हणाली. बाकीच्या बाया हसल्या.

पाच दिवसांत मुळं कडकडीत वाळली. ती मी पिशवीत भरली. चिठ्ठी बांधलेलीच होती. मी ती पुन्हा वाचली नाही. हेमकांत गाडीनं जाऊन पिशवी देऊन आला.

संक्रांतीला भाविका चार दिवस घरी आली. तिनं काय काय केलं ते मी विचारलं. तिला सांगायला आवडतं आणि मला ऐकायला. आधी मुळं दळून भुकटी केली. भुकटी आठवडाभर स्पिरिटमध्ये भिजवली, गाळली, स्पिरिट उडवून दिलं. खाली डांबरासारखा काळा चिकट अर्क उरला. त्यात शेकडो पदार्थ असतात, ते एकमेकांपासून सोडवायचे. त्यासाठी काचेची उभी नळी घेतात, तिच्यात पांढरी पूड ठासून भरतात, वर अर्क घालतात आणि वरून हळूहळू द्रव सोडतात. कोणता पदार्थ पुडीला जास्त धरून राहतो, कोणता कमी. म्हणून ते पुढेमागे होत खाली उतरतात. खाली थेंब वेगवेगळ्या बाटल्यांत धरायचे. हे दिवसदिवस चालतं. बाटली बदलायला कुणीतरी बसून राहावं लागतं.

मग तिनं ओट्यावर खडूनं एक उभी पट्टी काढली. अशा पातळ पट्टीच्या तळाशी अर्काचा बारीक थेंब लावतात आणि पट्टी द्रवात उभी करतात. द्रव वर चढतो, पदार्थही चढतात, पण प्रत्येक जण आपापल्या उंचीवर थांबतो. निळ्या दिव्याखाली ते ठिपके दिसतात. भाविकानं पट्टीवर खालून वर तीन टिंबं काढली.

"हाऊ पहिला, हाऊ दुसरा. ह्या दोन्ही या वेलमा सापडतस हाई आधीच लिखेल शे. आनि हाऊ तिसरा." तिनं वरच्या टिंबावर खडू दाबला. "हाऊ कोनीच लिखेल नही."

दुखणं कमी होतं का याची चाचणी शेजारच्या एका संस्थेत करून घेतली होती. पहिल्या दोन ठिपक्यांनी थोडंसं काम केलं. तिसऱ्यानं चांगलंच केलं. तिच्या मॅडमनी तो कागद दोनदा वाचला आणि मग तिला चहा पाजला. मॅडम कुणाला चहा पाजत नसत, असं नंतर कळलं.

जाताना तिनं प्रोजेक्टचं पहिलं प्रकरण दाखवलं. इंग्रजीत होतं. एका ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "हाई तुम्हनं नाव. मुळं खापरच्या बाजारातून आणली, सावलीत वाळवली, वाळवणार श्री. सुकलाल." मी चष्मा लावून त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. इंग्रजी मला येत नाही. नावाचा आकार लक्षात ठेवला.

फेब्रुवारीत तिचा पुन्हा फोन आला. तिसऱ्या ठिपक्याची रचना काढायला तो पदार्थ जास्त लागणार होता, पहिला संपत आला होता. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी विद्यापीठात मोठी सभा होती, बाहेरचे प्राध्यापक येणार होते, आणि मॅडमनी भाविकाचं नाव तिथे बोलण्यासाठी दिलं होतं. त्या बोलण्यावर तिची पुढच्या संशोधनाची जागा ठरणार होती. विभागात जागा एकच होती.

मी दुसरी खेप आणली. कापूस गेला होता, ओटा मोकळा होता. अकरा दिवस मुळं सावलीत वाळली. चिठ्ठी या वेळीही आधीच लिहिली होती.

मूळ न्यायला भाविका स्वतः आली, बरोबर तिची मैत्रीण मयूरी. मयूरी सावंतवाडीकडची. तिला लाल रान पाहायचं होतं, फोटो काढायचे होते, म्हणून दोघी स्टेशनवरून रिक्षानं सरळ पथारीवरच आल्या. रिक्षा थांबली. मयूरी खाली उतरली, दहा पावलं चालली आणि शिंकायला लागली. एक, दोन, तीन, थांबेचना. डोळे लाल झाले, पाणी वाहू लागलं. भाविका तिच्या पाठीवर हात मारत हसत होती. भाविकाला काही होत नव्हतं. मलाही नाही. पथारीच्या वाऱ्यात वाढलेल्या माणसाला ठसका लागत नाही. तिथे वास आहे हेही त्याला कळत नाही.

गजराबाई म्हणाली, "पाव्हनीले गूळ दे रे कोनी."

मयूरीनं ओढणी नाकाला लावली. श्वास घेऊन म्हणाली, "भावी, अगं, हे अगदी त्या दिवसासारखं होतंय. आपण तुझं मूळ दळलं होतं ना, त्या दिवसासारखं."

"तुले कायबी दळलं तरी शिंका येतात," भाविका म्हणाली. मैत्रिणीशी बोलताना तिची भाषा अशीच मिसळते.

"नाही गं. मी लॅबबाहेर जाऊन बसले होते. आणि हात किती झोंबत होता माझा! तू वहीत लिहिलंस पण, भुकटी त्रासदायक आहे म्हणून."

भाविका फोटो काढायला पुढे गेली. मी शेडजवळ उभा होतो. शेडच्या मागे नोव्हेंबरमध्ये अंथरलेल्या दोन पोत्यांपैकी एक अजून तिथेच पडलं होतं. मी ते उचललं आणि झटकलं. उन्हात लाल धूळ उडाली. मयूरी लांबूनच पुन्हा शिंकली.

मी पोतं घडी करून खाली ठेवलं. थोड्या वेळानं मयूरीला विचारलं, "पोरी, तो तिसरा ठिपका तुमच्यापैकी कुणी जिभेवर ठेवून पाहिला का?"

ती घाबरलीच. "नाही हो आजोबा! लॅबमध्ये काही चाखायचं नसतं. पहिल्याच दिवशी सांगतात."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

गुलाबसिंगनं ओलं मूळ चाखलं होतं. वाळल्यावर ते कुणीच चाखलं नाही.

घरी आल्यावर पोरी हातपाय धुवायला गेल्या. धनुबाई भाकरी थापत होती. मी तिला सांगितलं. ती भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मंग? मिरचीनी धूळ. झटकी टाकी व्हई."

"झटकी नही. स्पिरिटमा भिजाडी. धूळमझारलं समदं त्यामा उतरनं व्हई."

"तुम्ही कसाले बोलतस? शुक्रवार होऊ द्या. मंग पाहू. पोरले जागा भेटी ऱ्हायनी."

"आनि मंग समजनं तं?"

"मंग समजनं तं समजनं. पहिले जागा तं भेटी जाई."

तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. दुसरी खेप ओट्यावर वाळलेली होती. भाविका ती दळील, भिजवील, नळीत घालील, आणि तिसरा ठिपका येणार नाही. पण या कामाला दोन-तीन आठवडे जातात, आणि शुक्रवार आठ दिवसांवर होता. म्हणजे बोलणं होऊन जाईल, जागा मिळून जाईल, आणि मग ती त्या नळीसमोर बसून आपलं काय चुकलं ते शोधत राहील. तिला ते सापडणार नाही, कारण चूक तिच्याकडे नाही. चिठ्ठीवर लिहिलेलं तिनं खरं धरलं होतं. छापलेल्या ओळीत माझं नाव होतं, तेही माझ्या डोळ्यांपुढे आलं. नावाचा विचार आला हे लपवण्यात अर्थ नाही.

जेवणं झाल्यावर दुसरी पिशवी ओट्यावर काढली. उजेड होता अजून. भाविकानं काट्याला पिशवी अडकवली, वजन पाहिलं आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "ओट्यावर, सावलीत, धुतलेल्या धोतरावर." मग मयूरीला म्हणाली, "पाहिलं? आबांचं काम. अगदी पहिल्या खेपेसारखं."

"पहिल्यासारखं नही," मी म्हटलं.

मी जसं घडलं तसं सांगितलं. चिठ्ठी आधी, कापूस, बुरशी, पथारी, दोन पोती, पाच दिवस. सांगायला फार वेळ लागला नाही.

मयूरी म्हणाली, "म्हणजे ती मिरची होती?"

भाविकानं काटा खाली ठेवला. आपल्या खांद्याच्या पिशवीतून वही काढली, पेन काढलं. "पोती धुतली होती?" तिनं मला विचारलं. प्रमाण मराठीत विचारलं, जशी ती तिच्या मॅडमशी बोलत असावी.

"नाही."

"आधी त्यात काय होतं?"

"मिरची. भुकटीची नाही, सगळी अख्खी. पण तळाला चुरा राहतो."

"मुळं हातानं परतली? हात धुऊन?"

"मिरची परतता परतता."

ती लिहीत गेली. पान भरलं. मग तिनं पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

"ठिपके शेजारी शेजारी लावल्याशिवाय काही म्हणता येणार नाही," ती मयूरीला म्हणाली. "पण असेल. सांधेदुखीला मिरचीचं मलम औषधाच्या दुकानात कधीपासून मिळतं. मिरचीला ठिपका कुठे येतो ते आपण पाहिलंच नाही. मुळात मिरची कोण शोधणार?"

भाविका माझ्याकडे वळली तेव्हा आवाज बदललेला होता.

"इतला दिन तुम्ही बोलनात नही, आबा."

"माले आजच समजनं."

"मिरचीनं आज समजनं. चिठ्ठी खोटी शे हाई तं तव्हयच माहीत व्हतं ना?"

ती आत गेली. धनुबाईनं दारातून माझ्याकडे पाहिलं आणि तीही आत गेली.

सकाळी भाविकानं मूठभर वाळकी मिरची आणि शेडमागचं पोतं मागितलं. दोन्ही पथारीवरूनच घ्यायचं होतं. मी टेम्पोत बसून त्यांच्याबरोबर आलो, मिरची कागदात बांधून दिली, पोतं घडी करून वेगळ्या पिशवीत घातलं. स्टेशनवर गाडी यायला वीस मिनिटं होती. मी म्हटलं, "मन्हं नाव काढी टाक त्यामधून."

ती रुळांकडे पाहत होती. गाडी आली. पिशव्या वर चढवून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, उन शे. घर जा."

चौथ्या दिवशी फोन आला. एकाच पट्टीवर तीन थेंब लावले होते: तिसरा ठिपका, मिरचीचा अर्क, आणि पोत्याच्या धुळीचा अर्क. तिन्ही ठिपके एका रेषेत थांबले. दोन वेगवेगळ्या द्रवांत करून पाहिलं, तरी तसंच. "एकच उंची, आबा," ती म्हणाली. मी विचारलं, मॅडमना सांगितलंस का. हो म्हणाली. मॅडम काय म्हणाल्या? मॅडमनी पट्टी हातात घेऊन पाहिली, मग म्हणाल्या, शुक्रवारच्या यादीतून तुझं नाव मी स्वतः काढते, तुला ते सांगायला जायला नको. चहाचं काही भाविकानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

संशोधनाची जागा मयूरीला मिळाली. तिचं काम दुसऱ्या कशावर होतं आणि ते चांगलं होतं, असं भाविकाच म्हणाली. भाविकानं पहिली खेप बाजूला ठेवून दुसऱ्या खेपेवर सगळं काम नव्यानं केलं. दोन ठिपके आले, तिसरा आला नाही. दुखण्यावर दोन्हींचं काम थोडंसंच. तिनं तेवढंच लिहिलं. ती पास झाली, बऱ्या गुणांनी. आता ती अंकलेश्वरला एका कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. आलेल्या मालाचे ठिपके पाहते आणि चिठ्ठीवर लिहिलंय तोच माल आहे का ते सांगते. पुढच्या वर्षी पुन्हा जागेसाठी अर्ज करणार आहे.

मे महिन्यात तिनं बांधलेला प्रोजेक्ट घरी आणला. मी न विचारता तिनं ते पान उघडलं. मी नावाचा आकार शोधला. एका पानावर तो दोनदा होता.

"वाच," मी म्हटलं.

तिनं मराठी करून वाचलं. "पहिली खेप. मिरची वाळवण्याच्या जागेवर, मिरचीच्या न धुतलेल्या पोत्यांवर, उन्हात पाच दिवस. वाळवणार श्री. सुकलाल. ही खेप बाद. दुसरी खेप. ओट्यावर, सावलीत, धुतलेल्या धोतरावर, अकरा दिवस. वाळवणार श्री. सुकलाल."

"काढी टाक म्हटलं व्हतं मी."

"मॅडम पहिले तेच इचारतस," ती म्हणाली. "कोनी वाळवं."

धनुबाई जवळच बसून गुडघ्याला लेप लावत होती. तिनं विचारलं, "मंग हाई मूळ काम करस का नही? एक सांग."

"थोडं करस, आजी."

"थोडं कसं? पंधरा वरीस माले उठाडस-बसाडस."

भाविका तिच्या हातातल्या सहाणेकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, दोघांना एकदमच सुचलं. ती म्हणाली, "आजीनं मूळ कोठे वाळस, आबा?"

"पथारीवर," मी म्हटलं. "दरसाल."

ती आधी हसली नाही. नंतर हसली, आणि बराच वेळ हसत राहिली. धनुबाईला राग आला. तिनं सहाण उचलली आणि आत जाऊन बसली.

यंदा कार्तिकात मी खापरहून धनुबाईसाठी मुळं आणली. नातीच्या सांगण्यावरून ओट्यावर, सावलीत वाळवली. महिनाभर तिनं लावली. मग एक दिवस मुळांचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला.

"यंदाना मुळमा दम नही," ती म्हणाली. "गुलाबसिंगनी फसाडं तुम्हले."

भाविकाला फोन केला. ती म्हणाली, आजीला मलमाची नळी पाठवते. धनुबाई नळीला हात लावणार नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. मग भाविका म्हणाली, "तुम्हले जे करनं ते करा. पन लिखी ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी डबा पथारीवर नेला. शेडच्या मागे दोन रिकामी पोती अंथरली आणि मुळं पसरली. गजराबाईनं विचारलं, आता कुणाचा अभ्यास. मी म्हटलं, म्हातारीचा. पाच दिवस परतली. मग डब्यात भरली, झाकण लावलं, आणि डबा गुडघ्यावर धरून त्याच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहिलं. 'पथारीवर, मिरचीच्या पोत्यांवर, उन्हात पाच दिवस. वाळवणार सुकलाल.' भरलेल्या डब्यावर हात घसरत होता. ओळ वाकडी आली, पण वाचता येते.